सगळं सरांच्या नावावर

लातूरच्या ज्या क्लासमध्ये मला पहिली नोकरी लागली, त्याच्या दारावर दोन पाट्या होत्या. वरच्या पाटीवर क्लासचं नाव आणि सरांचा फोटो. खालच्या पाटीवर 'ही इमारत भूकंपरोधक आहे'. भूकंपाला दहा-अकरा वर्षं होऊन गेली होती, तरी बाहेरगावचे पालक पोराला सोडायला आले की आधी खांबावर थाप मारून बघायचे आणि मग मागच्या वर्षीच्या निकालाची चौकशी करायचे. आमचे खांब आणि निकाल दोन्ही पक्के आहेत, असं सर सांगायचे. खांबांचं मला ठाऊक नाही. निकालाची यादी मात्र मीच टाइप करायचे आणि तिच्यातला पहिला मुलगा त्याच गल्लीतल्या आणखी तीन क्लासांच्या पाट्यांवरही पहिलाच होता.

सर म्हणजे क्लासचे मालक. बाकीच्या शिक्षकांनाही मुलं सरच म्हणायची, पण नुसतं 'सरांनी बोलावलंय' असा निरोप आला की तो कुणाकडून आहे हे विचारावं लागत नसे. एका माणसाला तेवढं सगळे मास्तर म्हणायचे. ते फिजिक्स शिकवायचे. पन्नाशीचे, मूळ नांदेडचे. त्यांचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे आणि मास्तरांच्याही बोटांना स्वस्थ बसायची सवय नव्हती. क्लासच्या कॉम्प्युटरांत दर आठवड्याला व्हायरस शिरून प्रश्नपत्रिका खाऊन टाकायचा, तेव्हा त्यांनीच कुठल्याशा मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून मुख्य यंत्रावर विंडोज काढून लिनक्स ही फुकटची प्रणाली चढवली होती. मी बीएस्सी कॉम्प्युटर झाले होते खरी, पण लिनक्स हा शब्द मला फक्त पाच मार्कांच्या टिपेपुरता माहीत होता. बाकीचं मास्तरांनी शिकवलं.

"हे बघ बेटा," पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "ह्या यंत्रात प्रत्येक फाईलचा एक मालक असतो. मग एक गट असतो. आणि मग बाकीचं गाव. ह्या तिघांना तीनच गोष्टींची परवानगी द्यायची किंवा न द्यायची. वाचायची, लिहायची, चालवायची. एवढंच हाय. लोक उगंच घाबरतात."

"आणि रूट? ते सगळ्यांच्या वरचं खातं?"

"रूट म्हणजे तहसीलदार. त्याला कुणी अडवत न्हाई. म्हणून त्यानं खुर्चीत कमी बसावं."

वर्षभर मी त्या खुर्चीत जपून बसले. शिक्षकांची खाती काढली, मुलांची काढली, कुणाला काय दिसावं आणि काय दिसू नये ते लावून दिलं. चाचणीचा पेपर शिक्षकांना दिसायचा, मुलांना दिसायचा नाही. एवढ्यावर क्लासची अब्रू टिकून होती.

मग मास्तर गेले. भांडण झालं नाही. झालं एवढंच, की मास्तरांच्या फिजिक्सच्या नोट्सचं पुस्तक निघालं, भाग पहिला, आणि त्यावर लेखक म्हणून सरांचं नाव होतं. आत दुसऱ्या पानावर सहकार्याबद्दल सर्व शिक्षकांचे आभार मानलेले होते. मास्तरांनी पुस्तक उलटंपालटं करून बघितलं, "कागद बरा वापरलाय" म्हणाले, वर्षाचा राहिलेला पोर्शन पुरा केला आणि नांदेडला आपल्या घरी निघून गेले. तिथं ते घरातच शिकवायला लागले.

जूनमध्ये प्रवेश सुरू झाले आणि सरांना भाग दुसरा काढायचा होता. एक दिवस सकाळी अकराच्या सुमाराला ते माझ्या खोलीत आले आणि पहिल्यांदाच स्वतः कॉम्प्युटरसमोर बसले. मी त्यांना त्यांच्या खात्यात नेलं, मास्तरांच्या फोल्डरवर बोट ठेवलं. सरांनी ते उघडायला सांगितलं. पडद्यावर एक ओळ आली.

"हे काय म्हणायलंय?"

"परवानगी नाही म्हणतंय, सर."

"कुणाला?"

"तुम्हाला."

सरांनी पडद्यावर बोट आपटलं. "इमारत माझी," ते म्हणाले. "यंत्र माझं. तुम्हाला ठेवलं मी. आणि मला परवानगी न्हाई?"

"फोल्डर मास्तरांच्या नावावर आहे. मी तुम्हाला वाचायची परवानगी देते, एका ओळीचं काम आहे."

"मी परवानगी मागायला आलो न्हाई मॅडम इथं. माझ्या नावावर करा. एकट्या त्याचंच नको, सगळ्यांचं करा. उद्या आणखी कुणी सोडून जाईल. सगळं म्हणजे सगळं."

मी थोडं समजावून बघायला हवं होतं. पण सर खुर्चीच्या पाठीला धरून माझ्या मागं उभे होते, आणि माणूस मागं उभा असला की माझी बोटं पुढं पळतात. आता तहसीलदार होते, असं सांगून मी रूट झाले. मालक बदलायचा हुकूम टाइप केला, आतल्या सगळ्या फोल्डरांसकट असं सांगणारं अक्षर टाइप केलं, सरांच्या खात्याचं नाव टाकलं, गटही तोच टाकला. मग क्लासच्या फोल्डरचा पत्ता. तो पत्ता तिरक्या रेघेनं सुरू होतो. रेघेला चिकटून फोल्डरचं नाव यायला हवं होतं. माझ्या हातून मध्ये एक जागा सुटली.

ती जागा सुटली की अर्थ असा होतो, की आधी तिरकी रेघ, म्हणजे अख्खं यंत्र मुळापासून, आणि मग वर क्लासचं फोल्डरही. मी एंटर दाबलं.

एरवी असा हुकूम चुटकीसरशी होतो. हा चालतच राहिला. सर खूश झाले. "लई काम करायलंय," म्हणाले. मग पडद्यावर ओळी उठायला लागल्या. ज्या फोल्डरांची नावं मी उभ्या वर्षात कधी घेतली नव्हती, त्यांची नावं. मी मध्येच थांबवलं, पण तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

"झालं?" सरांनी विचारलं.

"झालं."

सरांनी मास्तरांचं फोल्डर उघडलं. उघडलं! भाग दुसरा होता तिथंच, साऱ्या आकृत्यांसकट. "बघा," सर म्हणाले, "करायला बसलं की होतंय." आणि त्यांनी पहिलं प्रकरण छापायला सांगितलं. प्रिंटर हलला नाही.

तेवढ्यात बाहेरच्या लॅबमधून आवाज आले. मुख्य यंत्राला जोडलेल्या वीस मशीनवर मुलं सराव परीक्षा देत होती. "मॅडम, सेव्ह होईना!" "मॅडम, माझं खातं माझं न्हाई म्हणतंय!" त्यांच्या मागोमाग बायोलॉजीच्या मॅडम आल्या. रविवारच्या चाचणीचा पेपर त्यांना आजच छापून गठ्ठे बांधायचे होते आणि आता त्यांना तो उघडायचीही परवानगी नव्हती.

"सर," मी म्हणाले, "यंत्र चालत नाहीये."

"का?"

"सगळं तुमच्या नावावर झालंय."

"मग बरोबरच हाय की."

"यंत्राचं स्वतःचंही झालंय. प्रिंटरच्या फायली प्रिंटरच्या नावावर लागतात, पासवर्डच्या फायली यंत्राच्या नावावर. त्याशिवाय ते काम करत नाहीत."

सरांनी माझ्याकडं असं बघितलं, की जणू प्रिंटरनं पगारवाढ मागितली होती. "दोन तासांत पेपर छापून पाहिजेत," एवढं बोलून ते आपल्या तासाला निघून गेले. हे सगळं त्यांच्या 'सगळं म्हणजे सगळं'मुळं झालं, असाच त्यांचा समज झाला होता, आणि त्याचं त्यांना वाईटही वाटलेलं दिसलं नाही. सुटलेल्या जागेचं मी त्यांना सांगितलं नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. आज लिहिताना पहिल्यांदा कबूल करते आहे.

मास्तरांशी बोलायचं नाही, असा क्लासमध्ये न लिहिलेला नियम होता. बायोलॉजीच्या मॅडमनी दाराकडं बघितलं, म्हणाल्या, "लाव फोन. मी दारात थांबते."

मास्तरांनी फोन उचलला. मी एका दमात सगळं सांगितलं. शेवटी मी म्हणाले, "जागा सुटली."

"कुठं?"

"तिरक्या रेघेनंतर."

पलीकडून खोकल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. ते हसत होते. "माफ कर बेटा," ते म्हणाले, "पण तुझ्या सरांइतकी जागा आजवर कुणाच्याच नावावर झाली नसंल." मग आवाज बदलला. "रूटमधून बाहेर आलीस का?"

"नाही."

"येऊ नको. ती खिडकी तशीच राहू दे. एकदा बाहेर पडलीस आणि आत घेतलं न्हाई तर सीडी घालून करावं लागेल, लई येळ जाईल. लाईट कधी जाते तुमच्याकडं?"

"एकला."

"आत्ता?"

"साडेअकरा."

"मग होतंय. लिहून घे."

त्यांनी सांगितलं ते असं. यंत्रावर जे काही मुळात चढवलेलं असतं, त्याची एक यादी यंत्र स्वतःकडं ठेवतं. कुठली फाईल कुणाची, तिला परवानगी काय, सगळं तिच्यात असतं. त्या यादीप्रमाणं सगळ्यांना पुन्हा जागच्या जागी बसवायचं. "आधी मालकी लाव. ती पुरी झाली की मग परवानगी. उलट केलंस तर दुसऱ्यांदा करावं लागेल. मालक बदलला की काही परवानग्या आपोआप गळून पडतात."

"मालकी, मग परवानगी," मी म्हणाले.

"हाव. आणि घाई करू नको. अक्षर अक्षर मला वाचून दाखव, मग एंटर दाब."

मी अक्षर अक्षर वाचून दाखवलं. जिथं जागा होती तिथं "जागा" म्हणाले, जिथं नव्हती तिथं "चिकटून" म्हणाले. पहिला हुकूम पंचवीस मिनिटं चालला. बायोलॉजीच्या मॅडम दारात उभ्या राहून, येणाऱ्या-जाणाऱ्याला आत पाल आहे म्हणून सांगत होत्या. दुसरा हुकूम संपला तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. मी पेपर छापायला टाकला. प्रिंटर एकदा कण्हला आणि पहिलं पान बाहेर आलं. मॅडमनी ते पान छातीशी धरलं. लाईट गेली तेव्हा शेवटची प्रत निघत होती.

पण मास्तरांनी फोन ठेवताना एक गोष्ट सांगितली होती, ती राहिली होती. "यंत्राला यंत्राच्या फायली ठाऊक असतात. तुमच्या माणसांच्या फायली कुणाच्या, हे त्याला काय माहीत? ते तुला माणसांनाच विचारावं लागेल."

मुलांचं सोपं होतं. प्रत्येकाचं फोल्डर वेगळं, त्याच्यावर त्याचं नाव. शिक्षकांचा मात्र पेपरांचा आणि प्रश्नसंचांचा एकच सामायिक ढीग होता आणि त्यात आता हजारेक फायली सरांच्या नावावर गुण्यागोविंदानं नांदत होत्या. बॅकअप होता, पण सीडीवर. सीडीवर फायली जातात, त्यांचे मालक जात नाहीत. तेव्हा मी यादी छापली, पाठीमागं पुठ्ठा लावला आणि शिक्षकांच्या खोलीत गेले.

असली यादी हातात घेऊन फिरणारा माणूस मी आधी एकदा बघितला होता. भूकंप झाला तेव्हा मी सहावीत होते. माझे वडील गावचे कोतवाल. आमचं घर पडलं, आम्ही वाचलो. पंचनाम्याला तलाठी आले तेव्हा गावात घर असं उरलंच नव्हतं, नुसता दगडमातीचा एक मोठा ढीग होता. वडील त्या ढिगावर उभे राहून सांगत होते, हे ह्यांचं दार, ही त्यांची न्हाणी, इथवर ह्यांची भिंत. शेजारची एक बाई, जिच्या घरातलं कुणी राहिलं नव्हतं, मध्येच म्हणाली, "आमचं तिथवर न्हवतं हो. अलीकडंच होतं, हातभर." तलाठ्यांनी हातभर अलीकडं लिहिलं. सगळेच तसे नव्हते. एकानं दोन खोल्यांच्या तीन सांगितल्या आणि वडील काही बोलले नाहीत. पण ती बाई माझ्या लक्षात राहिली.

शिक्षकांच्या खोलीत हातभर अलीकडं कुणाचंच नव्हतं. केमिस्ट्रीचे दोन सर होते आणि एका प्रश्नसंचावर दोघांनीही हक्क सांगितला. एक म्हणाले, प्रश्न माझे. दुसरे म्हणाले, क्रम माझा. मी दोघांना विचारलं, की मग त्यातला अठरावा प्रश्न कुणाचा, तो तर छापील पुस्तकातला आहे? त्यावर दोघांचं एकमत झालं, की तो टायपिस्टनं घातला असेल. टायपिस्ट मीच होते.

फिजिक्सला नवे सर येऊन तीन आठवडे झाले होते. तरुण, हुशार, गळ्यात कायम टाय. त्यांनी यादी शांतपणे वाचली आणि मास्तरांच्या एकेका फाईलपुढं बरोबरची खूण करत गेले. "ही माझी. ही माझी. हीसुद्धा."

"सर, ह्या फाईलवर दोन वर्षांपूर्वीची तारीख आहे."

"कल्पना माझी होती," ते म्हणाले. "मी कॉलेजात असताना."

एका फाईलपाशी येऊन त्यांचं पेन थांबलं. चक्रीय गतीच्या गणितांची उत्तरं होती ती. त्यातलं एक उत्तर चुकलेलं होतं आणि त्यावरून मागच्या वर्षी एका चाचणीला पोरांनी आरडाओरडा केला होता. "ही माझी न्हाई," ते म्हणाले. "मी तर आत्ता लागलोय."

ती फाईल मी सगळ्यांपुढं फिरवली. कुणीच घेतली नाही. शेवटी हक्काची भांडणं आणि ही एक बेवारस फाईल, असं सगळं घेऊन मी सुट्टीच्या दिवशी नांदेडची एसटी पकडली. घरी सांगितलं, गुरुद्वाऱ्याला जाऊन येते.

मास्तरांचं घर बाजाराच्या मागच्या गल्लीत होतं. पुढच्या खोलीत सतरंजीवर सात-आठ मुलं बसलेली. चाचींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, मला आत नेऊन चहा आणि खारी दिली. शिकवणी सुटल्यावर मास्तर आले, चष्मा पुसला आणि यादीवरून पेन्सिल फिरवू लागले.

"हे दोघांचं आहे. दोघांचा एक गट कर आणि लिहायची परवानगी दोघांना दे. भांडू दे त्यांना आतल्या आत." पान उलटलं. नव्या सरांच्या खुणा बघून त्यांच्या भुवया वर गेल्या. "हा लई कामाचा पोरगा दिसतोय."

"ह्या सगळ्या तुमच्या आहेत ना?"

"होत्या. असू दे. शिकवायला लागतील त्याला." मग त्यांची पेन्सिल बेवारस फाईलवर आली. "ही माझी हाय."

"मास्तर, तिच्यात चूक आहे."

"म्हणून तर सांगायलो. अर्ध्यानं गुणायचं राहिलंय माझ्याकडून. पोरांनी मला दाखवलं होतं, मी दुरुस्त करणार होतो, तेवढ्यात ते पुस्तक निघालं आणि माझं मन उडालं." त्यांनी माझ्याकडून कागद घेतला आणि बरोबर उत्तर आकृतीसकट काढून दिलं. "हे बदलून टाक."

मी परत आले. केमिस्ट्रीच्या दोघांचा गट केला. बाकीच्यांना त्यांच्या त्यांच्या फायली दिल्या. सरांना यादी दाखवली तेव्हा त्यांनी बाकी सगळ्याला मान डोलावली, पण फिजिक्सचं फोल्डर सोडलं नाही. "ते माझ्या नावावर राहू द्या. लिहायची परवानगी फक्त मला. आणि तो तुमचा तहसीलदार का कोण, त्याचा पासवर्ड आजपासून माझ्याकडं." त्यांनी स्वतःच्या हातानं रूटचा पासवर्ड बदलला. मी तोंड फिरवून उभी राहिले. तशी पद्धतच आहे.

मग मी बेवारस फाईलचं सांगितलं. "सर, ती भाग दुसऱ्यात जाणार आहे आणि त्यात एक उत्तर चुकलंय. बरोबर उत्तर हे आहे."

"कुणी सांगितलं?"

मी खोटं बोलले नाही, पण नावही घेतलं नाही. "ज्यांनी लिहिलं त्यांनी."

"लेखक मी आहे मॅडम," सर म्हणाले. त्यांनी कागद घेतला, घडी करून खिशात ठेवला. "मी बघतो."

महिन्याभरानं छपाईच्या आधी मी आठवण केली. सरांनी फाईल उघडायचा प्रयत्न केला, पण तोवर ते स्वतःचा पासवर्ड विसरले होते. रूटचाही विसरले होते. एवढ्या मोठ्या यंत्राचा मालक आणि आत जाता येईना. भाग दुसऱ्याची छापायला द्यायची प्रत आधीच सीडीवर निघालेली होती, तीच तशी प्रेसला गेली. आत जायचा मार्ग सीडी घालून मी नंतर पुन्हा उघडला, पण तोवर पुस्तकाचे गठ्ठे जिन्यात येऊन पडले होते.

दिवाळीच्या सुट्टीनंतर उदगीरकडचे एक पालक आले. स्वतः शाळामास्तर. त्यांनी पुस्तक टेबलावर ठेवून पान उघडलं आणि चूक दाखवली. "लेखक आपणच ना?" त्यांनी विचारलं. सर माझ्याकडं बघून म्हणाले, "मॅडम, कॉम्प्युटरमध्ये काय प्रॉब्लेम झाला होता ते सांगा ह्यांना." आठवड्याभरात नोटीस बोर्डावर एक कागद लागला. तांत्रिक कारणामुळं एका उत्तरात बदल झालेला आहे, असं त्यावर होतं. बरोबर उत्तर काय, ते लिहायचं राहून गेलं होतं. मी पेनानं खाली लिहिलं.

पुढच्या उन्हाळ्यात मला नांदेडला एका कॉलेजच्या लॅबमध्ये नोकरी मिळाली. लातूर सोडताना बायोलॉजीच्या मॅडमनी मला भाग दुसऱ्याची एक प्रत भेट दिली, कारण जिन्यात अजून बऱ्याच शिल्लक होत्या. ती घेऊन मी एका रविवारी मास्तरांकडं गेले. चाची लोणचं घालत होत्या. मास्तरांनी पुस्तक हातात घेतलं, मुखपृष्ठावर सरांचा फोटो बघितला, मग ते पान शोधलं. कानामागची पेन्सिल काढून उत्तर खोडलं, बाजूला बरोबर लिहिलं आणि आकृतीतला बाणही थोडा सरळ केला.

"बाकी बांधणी चांगली झालीय ह्या खेपेला," ते म्हणाले, आणि पुस्तक शिकवणीच्या सतरंजीवर, मुलांच्या हाताला लागेल असं ठेवून दिलं.